पाणी कुठपर्यंत आले आहे : आई-बाबांना पत्र

भिगवण,
आषाढ शुद्ध पंचमी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या महिन्यात चिंचवडला आले होते, तेव्हा जेवणानंतर बाबांना मोबाईलवर फोटो दाखवत बसले होते, ते तुम्हां दोघांनाही आठवत असेल. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या थव्याचा तो फोटो मिळवण्यासाठी मी पहाटे साडेचारला उठले होते आणि होडीत दोन तास अंग चोरून बसले होते. बाबांनी तो दोन बोटांनी मोठा केला, पक्षी हळूच एका बाजूला सरकवले, मागच्या काठावर बोट ठेवले आणि विचारले, “इथे पाणी कुठपर्यंत आले आहे?” खरे सांगते, मला तेव्हा थोडा राग आला होता. एसटीत बसल्यावर, पुण्याची गर्दी मागे पडेपर्यंत तो टिकलाही. पण दौंडच्या पुढे आल्यावर लक्षात आले की मी वर्षभर ज्या जागेचे फोटो काढते आहे, त्या जागेबद्दल विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे, आणि माझ्या बहुतेक फोटोंत त्याचे उत्तर नाही.

म्हणून या पत्रासोबत दादाच्या हाती एक पाकीट पाठवते आहे. त्यात तेवीस प्रिंट आहेत. पक्ष्यांचे जवळून काढलेले फोटो त्यात नाहीत, तेव्हा आईने हिरमुसू नये. ते मी वेगळे देईन. एक सोडला तर हे सगळे फोटो एकाच जागेवरून, एकाच दिशेला तोंड करून, गेल्या आषाढापासून या ज्येष्ठापर्यंत दर पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य उगवल्यानंतरच्या अर्ध्या तासात काढलेले आहेत. तारखा माझ्या ध्यानात राहत नाहीत, पण पौर्णिमा-अमावास्या आई फोनवर न चुकता सांगते, त्यामुळे कॅलेंडरचे काम तिनेच केले असे म्हणायला हरकत नाही. असे नेमाचे चोवीस व्हायला हवे होते. एकदा शाळेचे पेपर तपासत रात्र गेली आणि एकदा तापाने अंथरुणावर होते, म्हणून दोन राहिले.

जागा तुम्हांला सांगते म्हणजे अंदाज येईल. उजनी धरणात बुडालेल्या आपल्या जुन्या गावच्या वरच्या अंगाला, पाणी पूर्ण भरले तरी बुडत नाही अशा उंचवट्यावर एक वेडी बाभूळ आहे आणि तिच्या बुडाशी हद्दीचा एक दगड आहे. ट्रायपॉडचा एक पाय मी नेहमी त्या दगडाला टेकवते. तोंड ईशान्येला, करमाळ्याच्या बाजूला. एकाच जागी वर्षभर उभे राहिल्यावर एक गोष्ट मला नव्याने कळली, जी बाबांना शेतकऱ्याच्या पोटी जन्मल्यामुळे लहानपणापासून ठाऊक असणार: सूर्य किती फिरतो ते. ज्येष्ठात तो थेट समोर पाण्यातून वर येतो आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यात घुसतो. मार्गशीर्ष-पौषात तो पार उजव्या हाताला, जमिनीच्या बाजूने उगवतो आणि समोरचे पाणी तिरप्या उजेडात निळसर, शांत दिसते. पौर्णिमेच्या पहाटे पाठीमागे उसाच्या तुऱ्यांवर चंद्र मावळत असतो, पण तो माझ्या चौकटीत येत नाही. फार वेळा मान वळवून त्याचा फोटो काढावासा वाटला. नेम मोडायचा नाही म्हणून काढला नाही.

आता प्रिंटांबद्दल. मागे पेन्सिलीने क्रमांक घातले आहेत, त्या क्रमाने पाहा.

पहिल्या चारांत आकाश कोरडे आहे आणि पाणी गढूळ, तांबूस. उजनीचे हे वागणे बाहेरून आलेल्या माणसाला पटकन समजत नाही. आपल्याकडे पेरणीपुरताही पाऊस नसतो, रस्त्यावर धूळ उडत असते, आणि पाणी मात्र रोज हातभर वर चढते. कारण पाऊस पडतो तो तिकडे भीमाशंकरला, मावळात, मुळशीत, आणि तिथली धरणे भरून दरवाजे उघडले की ते सारे पाणी दौंडवरून आपल्याकडे येते. आमच्या शिक्षकखोलीत या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, “दौंडचा विसर्ग किती आहे?” पाणी येते ते आवाज न करता. फोटो क्रमांक 2 आणि 3 शेजारी ठेवून पाहिलेत तर मधल्या पंधरवड्यात एक अख्खे कडवळाचे वावर नाहीसे झालेले दिसेल. पाण्यासोबत जलपर्णीचे हिरवे गालिचे येतात. फोटोत ते फार देखणे दिसतात आणि जाळे टाकणाऱ्यांना ते डोळ्यासमोर नको असतात.

भाद्रपद ते कार्तिक हे फोटो मला स्वतःला कंटाळवाणे वाटतात. धरण तुडुंब, काठ बुडालेला, आकाश आणि पाणी यांच्यामध्ये एक रेघ. पुण्याहून येणाऱ्या मंडळींना मात्र हेच फोटो आवडतात. पक्षीही या दिवसांत थोडेच असतात, कारण त्यांना हवा असतो उथळ चिखल आणि तो खोल पाण्याखाली असतो.

मार्गशीर्षापासून पाणी कालव्याला आणि नदीला सुटू लागते, काठ वीत-वीतभर मागे सरकतो, आणि मग खरी वर्दळ सुरू होते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब बांधावरच्या हरभऱ्यात उतरतात, चित्रबलाक चोच अर्धवट उघडी ठेवून गुडघाभर पाण्यात उभे राहतात, आणि पुढे रोहित येतात. आई, तू विचारले होतेस की ते फोटोत इतके फिके का दिसतात. उभा असलेला रोहित पांढराच असतो. रंग असतो तो पंखांच्या आत, आणि पंख उघडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तर त्याला अग्निपंख म्हणतात. तो रंग दिसावा म्हणून काही हौशी लोक नावाड्याला सांगून होडी थव्यात घुसवतात. चरणारे पक्षी एकदम उठतात, यांना फोटो मिळतो आणि त्या पक्ष्यांची खाण्याची वेळ वाया जाते. कुरव पक्ष्यांना फरसाण टाकून होडीभोवती फिरवत ठेवण्याचा प्रकार तर मला मुळीच आवडत नाही. मी ज्यांच्या होडीत जाते ते काका स्वतः मासेमारी करणारे आहेत. ते लांबच थांबतात आणि “त्यांचं पोट भरू द्या, मग आपलं बघू” म्हणतात. संगणकावर रंग गडद करणे मी सोडून दिले आहे. धुक्यातला फोटो धुक्यासारखाच राखाडी ठेवला आहे. क्रमांक 12 पाहून दादा म्हणेल की काहीच दिसत नाही, तर त्या सकाळी मलाही काही दिसत नव्हते. शिवाय गाडीतल्या उबेतून कॅमेरा एकदम बाहेर काढल्याने भिंगावर बाष्प धरले होते आणि ते पुसण्यात चांगली वेळ निघून गेली.

होडीवरून आठवले. आईची काळजी मला कळते. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले, तेव्हापासून तू मला पाण्यात जाऊ नकोस म्हणतेस. मी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर, वळवाचे ढग दिसत असताना तर मुळीच जात नाही. या पाकिटातले सगळे फोटो काठावरून काढलेले आहेत, हेही सांगून ठेवते.

क्रमांक 17 पासून पुढचे फोटो बाबांसाठी आहेत. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. वर्तमानपत्रात “उजनी शून्यावर” असे छापून येते तेव्हा धरण कोरडे झालेले नसते. एकूण सुमारे 117 टीएमसीपैकी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे एरवी वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी, धरला आहे, म्हणून शून्याच्या खाली उणे टक्के मोजत जातात. 2024 मध्ये ते उणे साठच्या जवळ गेले होते आणि पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ, ज्याचे नुसते विटांचे शिखर आपण लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाहायचो, ते पायथ्यापर्यंत उघडे पडले होते. तेव्हा मी गर्दीबरोबर जाऊन त्याचे पुष्कळ फोटो काढले. ते सगळ्यांकडे आहेत तसेच आहेत.

यंदा मी देवळाकडे गेले नाही. आपल्या गावाकडेच थांबले. पाणी मागे हटत जाते तसतशी शेतकऱ्यांची धावपळ सुरू होते: मोटार पुढे न्यायची, पाइप जोडायचा, केबल ओढायची, आणि तेही पुरेना झाले की जेसीबी लावून पाण्यापर्यंत चारी खोदायची. क्रमांक 18 मध्ये जे काळे साप एकमेकांवरून गेल्यासारखे दिसतात, ते पाइप आहेत. उघड्या पडलेल्या गाळात मका आणि कडवळ लगेच हिरवे होते. मोकळ्या चिखलात ताटाएवढे गोल गोल खळगे दिसतील. मला आधी कळेनात, मग होडीवाल्या काकांनी सांगितले की ती चिलापीची घरटी आहेत. पाण्याखाली नर मासा तोंडाने खळगा करतो आणि मादी त्यात अंडी घालते. म्हणजे आपल्या गावाच्या रस्त्यावर माशांनी घरे मांडली होती, असे मनात आले. ते फोनवर बोलले नाही, इथे लिहिते आहे.

वैशाखी अमावास्येला फोटो काढून झाल्यावर मी ट्रायपॉड तिथेच ठेवला आणि चपला हातात घेऊन खाली उतरले. बाबा सांगायचे तशा, मारुतीच्या पाराच्या चौथऱ्यापासून नदीकडे जाताना भिंतींच्या पायाच्या ओळी दिसतात. घडीव दगड बहुतेक लोकांनी तेव्हाच काढून नव्या गावठाणात नेले, उरले ते खालचे अनघड धोंडे. गाळाने भरलेल्या एका विहिरीचे नुसते वर्तुळ राहिले आहे, आणि तिच्यापासून पंधरा-वीस पावलांवर गुरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे. मी वीत लावून मोजली, नऊ विती भरली. आत वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे, शिंपले आणि नायलॉनच्या जाळ्याचा एक निळा तुकडा होता. बाहेरच्या अंगाला दावे घासून पडलेली खाच आहे, तिच्यात माझे करंगळीजवळचे बोट नीट बसले. आणि एक कोपरा फुटलेला आहे.

आपल्या डोणीचा कोपरा बैलगाडीचे चाक लागून फुटला आणि त्यावरून आजोबांनी बाबांना उपाशी ठेवले, ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की ती दिसताच मी तिच्या कडेवर बसले. नंतर विचार आला की फुटकी डोण गावात एकच असेल असे नाही. क्रमांक 21 हा तिचा फोटो आहे; नेम मोडून काढलेला तेवढा एकच.

बाबा, तुम्ही या पाण्याकडे इतकी वर्षे पाठ का केली, ते मी विचारणार नाही आणि “एकदा येऊन पाहा” असा आग्रहही धरणार नाही. मी धरण भरल्यानंतर जन्मले. मला हे पाणी पाणी म्हणूनच आवडले आणि त्याचे फोटो काढताना मला आनंद होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. या पाण्यावर इथला ऊस उभा आहे, होडीवाल्या काकांचे घर चालते, आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांची घरे चालतात, हे तुम्हीच मला शिकवले. फक्त मी ज्याचे फोटो काढते त्याच्या खाली काय आहे, ते मला फोटोपुरते तरी ठाऊक असावे असे वाटते.

तेव्हा एवढेच करा. क्रमांक 19, 20 आणि 22 या तीन प्रिंटांवर सवडीने पेन्सिलीने खुणा करा: मारुती कुठे, आपला वाडा कुठे, उतार कुठून होता, आई नवी नवरी होऊन आली ती गाडी कोणत्या वाटेने वर चढली. त्या वाटेबद्दल तुमचे आणि आईचे एकमत होणार नाही, तेव्हा आईने वेगळ्या रंगाची पेन्सिल घ्यावी. पेन वापरू नका, कागद चकचकीत आहे, शाई पसरेल. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर दादाला सांगून आधी तो करून घ्या. खुणा झाल्या की पाकीट त्याच्याकडेच द्या.

घाई करण्याचे कारण नाही. दौंडचा विसर्ग चार दिवसांपासून वाढतो आहे. काल संध्याकाळी शाळेतून परतताना मुद्दाम वळून गेले, तर पाणी विहिरीच्या पुढे आले होते आणि डोण दिसत नव्हती. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला जागेवर जाऊन काही ताडून पाहता येणार नाही. क्रमांक 21 काढताना मी विहिरीकडे पाठ करून उभी होते आणि फुटलेला कोपरा डाव्या हाताला आहे. आपल्या डोणीचा कोणता कोपरा फुटला होता, तेवढे मात्र फोनवरच सांगा.

आपली आज्ञाधारक कन्या