फिरत्या पाळीतल्या विद्यार्थ्याची उपस्थिती

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की तंत्रनिकेतनांच्या प्रवेशफेऱ्या, शाखांना मिळणारी पसंती आणि रिकाम्या राहिलेल्या जागा यांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात सविस्तर येतात. त्या बातम्या सोळा वर्षांच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी असतात, आणि ते योग्यच आहे. मात्र नोकरी सांभाळून संध्याकाळी तिथेच शिकायला येणाऱ्या, पंचविशी-तिशी उलटलेल्या विद्यार्थ्यांविषयी क्वचितच काही छापून येते. चाकण औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करता करता मी इलेक्ट्रॉनिक्सची अंशकालीन पदविका शिकत आहे. आमच्यासारख्यांच्या एका विशिष्ट अडचणीविषयी हे पत्र आहे.

आमच्यापैकी बहुतेकांनी आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्वीच केलेला आहे. मग पुन्हा पदविका कशाला, असा प्रश्न घरचे विचारतात आणि सुपरवायझरही विचारतात. त्याचे उत्तर रोजच्या कामात आहे. कारखान्यातील दाब किंवा तापमान मोजणारी बहुतेक उपकरणे आपले मापन ४ ते २० मिलीअँपिअर प्रवाहाच्या रूपाने नियंत्रण कक्षाकडे पाठवतात. शून्य ते दहा बार (दाबाचे एकक) मोजणारे उपकरण दाब नसताना ४, पाच बारला १२ आणि दहा बारला २० मिलीअँपिअर देते. हे कोष्टक कोणीही पाठ करू शकतो. पण मोजणी शून्यापासून सुरू न करता चारपासून का केली, हे ज्याला समजले आहे, त्याला मीटरवर ० दिसताच कळते की दाब शून्य झालेला नाही, तार तुटली आहे किंवा उपकरणाचा वीजपुरवठा गेला आहे. शिवाय दोन तारांवर चालणारे उपकरण स्वतःही त्याच चार मिलीअँपिअरच्या आत आपली वीज भागवते, हे माहीत असले की बिघाड शोधण्याची दिशाच बदलते. हे ज्ञान नसलेला कामगार एकामागून एक सुटे भाग बदलत जातो आणि तोवर लाइन थांबलेली असते. हातात कसब असूनही ‘हेल्पर’ म्हणून राहणे आणि तंत्रज्ञ म्हणून जबाबदारी मिळणे यांतील अंतर बरेचसे अशा कारणमीमांसेचे आहे, आणि ती वर्गात नीट शिकवली जाते, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

अडचण वेळेची आहे, आणि ती साध्या गणिताने दाखवता येते. आमच्या भागातील अनेक कारखान्यांत तीन पाळ्या असतात आणि त्या दर आठवड्याला बदलतात. सकाळच्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळचा वर्ग गाठता येतो, अर्थात चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडीने साथ दिली तर. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप मोडून का होईना, येता येते. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात मात्र वर्ग भरतो तेव्हा आम्ही यंत्रापाशी असतो. म्हणजे तीन आठवड्यांपैकी एक आठवडा पूर्ण बुडतो. एकदाही आजारी न पडणाऱ्या, घरात लग्नकार्य नसलेल्या आणि उरलेला एकही तास न चुकवणाऱ्या विद्यार्थ्याची उपस्थिती जास्तीत जास्त ६७ टक्के होते, आणि अट ७५ टक्क्यांची आहे. ज्यांच्यासाठी अभ्यासक्रम अंशकालीन केला, त्यांच्यातीलच एक मोठा वर्ग नियमाप्रमाणे आधीच अपात्र ठरतो. दर सत्राच्या शेवटी अर्ज, वैद्यकीय दाखले आणि विनवण्या यांवर वेळ निभावून नेली जाते. त्यात प्राचार्यांची आणि विद्यार्थ्यांची दोघांचीही अप्रतिष्ठा होते.

बुडालेले व्याख्यान मित्राच्या वहीवरून किंवा मोबाइलवरील चित्रफितीवरून भरून काढता येते. बुडालेले प्रात्यक्षिक तसे भरून निघत नाही. विद्युत तरंग पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर सरकत राहणारा तरंग ट्रिगर लावून स्थिर करणे किंवा पृष्ठभागावर बसवलेला बारीकसा घटक शेजारचा सांधा न बिघडवता उतरवणे हे हाताला सवय झाल्याशिवाय येत नाही. काही प्रात्यक्षिके तर जिवाशी संबंधित आहेत. मोटारीचा वेग नियंत्रित करणाऱ्या ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये एकदिश (डीसी) पुरवठ्याचा विद्युतदाब सुमारे ५८५ व्होल्ट असतो आणि मुख्य स्विच बंद केल्यानंतरही आतील वीज साठवणारे कपॅसिटर काही मिनिटे भारित राहू शकतात. स्विच पाडल्यावर किती थांबायचे, मग मीटर कोणत्या टोकांना लावायचा आणि तो विश्वासार्ह आहे हे आधी कसे तपासायचे, हा धडा ज्या आठवड्यात झाला, त्या आठवड्यात आमच्यातील काही जण नेमके दुपारच्या पाळीत होते. तो धडा पुन्हा झाला नाही, कारण प्रयोगशाळा साहाय्यकाची वेळ संपलेली होती आणि शनिवारी खोली उघडण्याची तरतूद नव्हती.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून नोकरदारांसाठी लवचीक वेळेत स्वतंत्र वर्ग चालवण्याची मुभा संस्थांना दिली. हे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु लवचीकतेचा अर्थ प्रत्यक्षात ‘संध्याकाळी’ एवढाच लावला जातो, आणि त्याचा लाभ जनरल शिफ्टमध्ये किंवा कार्यालयात काम करणाऱ्यांना होतो. प्रत्येक प्रात्यक्षिक एकाच आठवड्यात सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा घ्यावे आणि विद्यार्थ्याने यांपैकी कोणत्याही वेळी लावलेली हजेरी ग्राह्य धरावी, एवढ्याने दुपारच्या पाळीचा आठवडा वाचतो. व्याख्यानांबाबत मी तितका आग्रही नाही.

दुसरा मार्ग उद्योगांच्या हातात आहे आणि त्याला कायद्यातच आधार सापडतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या कलम १० नुसार उमेदवाराने संबंधित विषयाच्या वर्गांसाठी दिलेला वेळ हा त्याच्या पगारी कामाचाच भाग मानला जातो. म्हणजे शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ असू शकतो, हे तत्त्व आपण सहा दशकांपूर्वीच स्वीकारलेले आहे. मात्र उमेदवारी संपवून तो मुलगा कायम झाला की त्याच दिवसापासून त्याचे शिक्षण ही त्याची खासगी हौस ठरते. आठवड्याला ४८ तास काम करणाऱ्या माणसाला पगारी सुट्टी द्या, असे मी म्हणत नाही. निदान सत्र चालू असेपर्यंत त्याची पाळी बदलू नये, ही मागणी अवाजवी वाटू नये. संस्थेने प्रवेश देतानाच विद्यार्थ्याच्या कंपनीला तसे पत्र पाठवले, तर मनुष्यबळ विभागासमोर एकट्याने उभे राहण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.

पदविका मिळाली की माणूस दुसरीकडे जातो, मग आम्ही सवलत का द्यावी, असे व्यवस्थापनाकडून ऐकायला मिळते. काही जण जातात, हे खरे आहे. पण पदविका मिळाल्यानंतरही हुद्दा आणि पगार तोच राहिला, तर जाण्याचे कारण पदविका नसते. कंत्राटी कामगारांचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यांची पाळीच काय, पुढील महिन्याचे कामही निश्चित नसते आणि त्यांच्या वतीने संस्थेने पत्र लिहायचे तर ते मूळ कंपनीला लिहावे की ठेकेदाराला, हेच ठरत नाही. त्यांना वरील दोन उपायांपैकी पहिल्याचाच, म्हणजे दोनदा घेतलेल्या प्रात्यक्षिकाचा उपयोग होईल.

यासाठी नवी इमारत लागत नाही आणि नवी उपकरणेही लागत नाहीत. प्रयोगशाळा साहाय्यकाला जादा तासांचे मानधन मात्र द्यावे लागेल. ते शुल्कातून द्यायचे की शासनाने, याचा निर्णय तंत्रशिक्षण संचालनालयाने पुढील सत्राची वेळापत्रके निश्चित होण्यापूर्वी घ्यावा, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्राद्वारे करीत आहे.

आपला नम्र,
एक अंशकालीन विद्यार्थी,
भोसरी, पुणे