बाबल, डबा डुलला

कुडाळ,
२६ मे

प्रिय बाबल,

डबा डुलला. आपल्या दशावताराच्या मोठ्या गाडीमागे हुकाला जोडतो तो सामानाचा डबा, भर रस्त्यात डुलला. गेल्या पाच आठवड्यांत तीनदा तुझा नंबर काढला आणि तिन्ही वेळा फोन खाली ठेवला. तू पहिल्या झटक्यात "वजन केलंस?" म्हणून विचारणार, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. दोन वर्षं आपण बोललो नाही, त्यात चूक माझी होती. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

इकडे सगळे बरे. माझी शुगर आहे तिथेच आहे. बायच्या मोतीबिंदूचं झालं, आता तिला माझ्या शर्टावरचे डाग दिसायला लागलेत.

तर, ऐक. राजापूरच्या वरच्या अंगाला चैत्रातला प्रयोग होता. आख्यान संपायला पाच वाजले. मुलांनी खोबरेल तेलाने रंग पुसले, सामान डब्यात गेलं, जीपवाले पुढे निघाले. मोठ्या गाडीत नऊजण, नऊच्या नऊ आडवे. गुंडू तर शंखासुराच्या काळ्या झग्यातच घोरत होता. मी एकटा जागा. खारेपाटणच्या अलीकडचा तो उतार तुला ठाऊक आहे. काटा ७० वर होता. तू डॅशबोर्डवर ६० ची चिठ्ठी चिकटवली होतीस ना, ती गेल्या पावसात सुटून पडली आणि मी ती परत लावली नाही.

मागून एक कंटेनर आला. त्याच्या हवेने आधी डब्याला डावीकडे लोटलं, मग तो पुढे सरकला तसं उजवीकडे ओढलं. एरवी असं रोज होतं, डबा थोडा अंग हलवतो आणि सरळ होतो. या खेपेला झाला नाही. डब्याच्या तोंडावर गुंडूने रंगवलेला गणपती आहे, तो मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर नेहमी मधोमध असतो. तो डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे, आणि दरवेळी आदल्या खेपेपेक्षा जास्त. चौथ्या खेपेला गणपती पडद्याबाहेर गेला आणि त्याच्या जागी मला रस्त्याकडेची काजूची झाडं दिसली. बाबल, ती झाडं मला अजून दिसतात. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी माझ्या हातात नव्हती. मागून कुणी शेपूट धरून हलवावी तशी बारा मीटरची गाडी हलत होती.

पाय ब्रेकवर गेला होता. दाबायचाच बाकी होता. आणि तुझा आवाज आला, अगदी त्या दिवशी अंगणात आला होता तसा: "ब्रेक मारशीत तर गाडी थांबतली, डबो थांबाचो नाय." मी पाय उचलला, ॲक्सिलरेटरही सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि डाव्या हाताने तो पिवळा दांडा दाबला. तुझा दांडा. फक्त डब्याचे ब्रेक लागले. वेसण खेचल्यावर बैल जसा मान वर करतो तसा डबा एकदम ताठ झाला, गणपती पडद्यावर परत आला, आणि पुढच्या शंभर-दीडशे मीटरांत सगळं निवांत. कंटेनरवाल्याला कळलंसुद्धा नसेल.

चहाच्या टपरीपाशी गाडी घेतली तेव्हा माझे गुडघे लटपटत होते. सगळे उठून खाली उतरले. मामा म्हणाले, "आपानू, देवान राखल्यान." गुंडू म्हणाला, "देवान नाय, आपांच्या हातान." आणि तिथून हे सुरू झालं. हंगामाच्या शेवटच्या प्रयोगाला देवळासमोर मला शाल घातली, श्रीफळ दिलं. नऊ माणसांचा जीव वाचवणारा चालक म्हणून माइकवर नाव घेतलं. मी हात जोडून उभा राहिलो. तोंडातून शब्द फुटला नाही. शालीची घडी अजून मोडलेली नाही, कपाटात तुझ्यासाठी ठेवली आहे.

कारण ज्याने वाचवलं तो दांडा तू बसवलास, आणि तो बसवू नको म्हणून मी तुझ्याशी दोन दिवस भांडलो होतो. आठवतं? "इलेक्ट्रिक ब्रेकांचा खर्च कशाला, मोठ्या गाडीचे ब्रेक काय कमी आहेत?" तू कंटाळून शेवटी जमिनीवर खडूने काढून दाखवलंस की मोठ्या गाडीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनापुरते असतात, मागच्या दोन टनांसाठी ते कोणी बनवलेले नसतात. ड्रमच्या आत ते लोहचुंबक कसे चिकटतात नि पट्ट्या कशा फाकतात, तेही खोलून दाखवलंस. मला तेव्हा ते सगळं तुझं कारखान्यातलं शहाणपण वाटलं होतं.

आणि डबा ज्याच्यामुळे डुलला, ते माझं काम. तेही तू सांगितलं होतंस.

मे महिना लागल्यावर एक दिवस कुणालाही न सांगता डबा जोडून वजनकाट्यावर गेलो. आधी सोडवून नुसता डबा चढवला, जसा भरतो तसाच भरलेला: १,९४० किलो. मग हुकाला जोडून फक्त डब्याची चाकं काट्यावर राहतील असा उभा केला: १,८८०. म्हणजे हुकावर सगळे मिळून ६० किलो. शंभरात तीन. तू म्हणाला होतास शंभरात दहा ते पंधरा हवेत, त्याहून कमी असेल तर डबा शेपटीकडून जड होतो आणि एकदा हलला की हलतच राहतो. काट्यावरच्या पोराने पावती दिली आणि विचारलं, "काका, बरं नाय काय?"

जनरेटर मागे होता. २५० किलोचा जनरेटर दाराशी, त्याच्याबरोबर साउंडच्या पेट्या आणि मांडवाचे पाइप. देवाचा पेटारा सगळ्यात पुढे. तू म्हणाला होतास, "देव हलको, जनरेटर जड. जड पुढे घाल." आणि मी उसळलो. पेटाऱ्याला डिझेलचा वास लागणार, ज्या पेटाऱ्याची पूजा केल्याशिवाय नाना रंगाला हात लावत नाहीत त्याच्यावर यंत्र ठेवणार, तुला शहरात राहून काही उरलं नाही, असं काय काय बोललो. तुझ्या आईचं नाव घेऊन बोललो. ते मी बोलायला नको होतं. तू पाना तिथेच टाकून एस.टी. पकडलीस.

पण पेटारा हे एकच कारण नव्हतं, ते आज तुला सांगतो. जनरेटर मागे असला की रात्री पहिला काढता येतो, मुलांचा अर्धा तास वाचतो. आणि डबा पुढून जड असला की मोठ्या गाडीची मागची बाजू दबते, देवळांच्या वाटांवर हूक घासतो. जैतापूरकडे एकदा इतका घासला की ठिणग्या उडाल्या. म्हणून मी हळूहळू एकेक वस्तू मागे सरकवत गेलो. देवाचं नाव पुढे केलं, कारण त्याच्यापुढे तू बोलू शकत नव्हतास. पाच आठवडे मला झोप लागत नाही ती यामुळे. डुलण्यामुळे नाही.

शेपटीवरून आठवलं. नववीत तू हनुमान होतास आणि लंकादहनाला तुझी शेपूट हेडमास्तरांच्या वेताच्या खुर्चीत अडकली. तू खुर्चीसकट लंका जाळलीस. पडद्यावर गणपती डावी-उजवी करत होता तेव्हा, देवाशपथ, मला त्या खुर्चीची आठवण झाली. एवढ्या भीतीत माणसाला हे आठवतं.

आता वजन फिरवलंय. जनरेटर चाकांच्या थोडा पुढे, पट्ट्यांनी जमिनीला आवळून. पेट्याही पुढे. पाइप मधोमध. पुन्हा काट्यावर गेलो: चाकांवर १,७००, म्हणजे हुकावर २४०. बरोबर ना? पेटारा मी मोठ्या गाडीत आणलाय, नानांच्या बिछान्याशेजारी. नाना म्हणाले, "हे आधी का नाय सुचला?" मी काय सांगू.

आणि इथे माझी खरी काळजी सुरू होते, बाबल. मागच्या चाकांपासून हुकापर्यंत मी टेप लावली, ३.२ मीटर भरले. पुढच्या-मागच्या चाकांत ६ मीटर. तुझा खडूचा तराजू मांडून पाहिला: हुकावर २४० ठेवले की पुढच्या चाकांवरून १२८ किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ३६८ पडतात. त्यात वरच्या टाकीत पाणी, मागच्या बाजूला गॅस, नऊ माणसं, त्यांच्या ट्रंका. मागचा ॲक्सल एवढं घेतो की नाही? स्टिअरिंग मला आता थोडं हलकं लागतं. मनाचा खेळ असेल, नसेलही.

दुसरं, तू चॅसी मागे वाढवून हुकाची जी पट्टी जोडलीस, तिच्या उजव्या कोपऱ्याला रंगाला भेग गेली आहे. केसाएवढी. बॅटरी लावून, आडवा होऊन पाहिली. पाणी मारलं की अर्ध्या तासाने त्या रेषेतून तांबूस ओघळ येतो. रंगच फुटलाय की खालचं वेल्डिंग? खारेपाटणला ती हलली म्हणून, की ती आधीपासून होती? नखाने खरवडून पाहिलं, काही कळत नाही. नाक्यावरचा वेल्डर म्हणतो घासून वरून एक थर मारू, दहा मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. "माझ्या जोडाला दुसऱ्याची कांडी लागता नये" असं तू म्हणाला होतास, आणि तू म्हणाला होतास त्यातलं आतापर्यंत काहीच खोटं ठरलेलं नाही.

तिसरं. डबा सुटला तर वायर ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात, त्यासाठी डब्यात तू जी छोटी बॅटरी ठेवलीस ती उघडून पाहिली. टर्मिनलवर हिरवी बुरशी, अंगठ्याएवढी. खाऱ्या हवेने वायर आतून पिठासारखी झाली होती, हातात तुटली. म्हणजे त्या सकाळी हूक सुटला असता तर नुसत्या दोन साखळ्यांवर सगळं होतं. साखळ्या मात्र तू सांगितल्याप्रमाणे खालून फुली मारूनच लावतो, ते एक मी कधी चुकवलं नाही. बॅटरी नवी घातली. टायरांवरचा आकडाही वाचला तुझ्या पद्धतीने: २३१७. २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसते म्हणून मी खूष होतो, पण बाजूच्या रबराला तडे आहेत. ते बदलणारच.

रात्री पडल्या पडल्या नाही नाही ते सुचतं. डबा विकावा आणि टेम्पो घ्यावा. पण टेम्पो म्हणजे आणखी एक चालक, आणि तो रात्रभर जागणार कुठला. एकदा वाटलं, १९९९ पासून कोकण रेल्वे कोलाडला ट्रक चढवते आणि वेर्ण्याला उतरवते, तसं काही आपलं करता येईल का. मग हसू आलं, जत्रा काय रुळांच्या कडेने भरतात? आंगणेवाडीला गाडी कुठून जाणार? शेवटी फिरून फिरून त्या केसाएवढ्या भेगेपाशी येतो. मुलं कार्तिकापासून पुन्हा त्या गाडीत झोपणार, माझ्यावर विश्वास ठेवून, शाल घातलेल्या माणसावर. त्यांना सगळं सांगायचं आहे मला. नानांसमोर, पेटाऱ्यासमोर. पण तू असताना सांगेन. एकट्याने सांगितलं तर ते म्हणतील आपा नम्रपणाने बोलतायत, आणि आणखी एक नारळ देतील.

तुझं काय? अंबरनाथच्या शेडचं भाडं वाढलं असं बायला कोणीतरी सांगितलं. छोटीचा निकाल कसा लागला? वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन करा बाबा एकदाचं, लांबवू नका. तू डोंबिवलीत आंबे विकत घेतलेस हे कळलं, हापूस म्हणून दुसरंच काही गळ्यात मारलं असेल. इकडून दोन पेट्या पाठवायच्या होत्या, पण दोन वर्षं पाठवल्या नाहीत, मग यंदा कुठल्या तोंडाने पाठवू असं झालं. फणस मात्र ठेवलेत, कापा आणि बरका दोन्ही.

मृग लागायच्या आत ये. पाऊस धरला की गाडीखाली आडवं होता येणार नाही, आणि तो ओघळ पावसाचा की गंजाचा हेही कळणार नाही. ठाण्याला तुतारी पकड, सकाळी कुडाळला मी स्टेशनवर असेन. दोन दिवस पुरतील. भेग बघ, मागचा ॲक्सल एकटा काट्यावर चढवू, आणि तू म्हणालास डबा बंद, तर डबा बंद. एक शब्द बोलणार नाही.

हत्यारं आणू नकोस. तू टाकून गेलास तो ३२ चा पाना मी तेल लावून ठेवलाय, तो पिवळ्या दांड्याखालच्या कप्प्यात आहे.

तुझा,
आपा