प्रणितीताई, पक्ष सोडून गेलेल्या मतदाराशी आधी बोला

आदरणीय खासदार प्रणितीताई शिंदे यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. 7 मे 2024 ला मी पंजाला मत दिलं आणि त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला, विधानसभेला, कमळाला. दोन्ही वेळा मला कुणी पैसे दिले नाहीत, दम दिला नाही. हे उघड लिहिते आहे, कारण निकालानंतर चौकाचौकात आमच्यासारख्यांबद्दल एकच ऐकू येत होतं: मतदार विकला गेला, नाहीतर धर्माच्या नावावर वाहून गेला. असं म्हटलं की पडलेल्या पक्षाला पुढे काही करायचं उरतच नाही.

लोकसभेला तुम्ही 74,197 मतांनी निवडून आलात. आनंद मलाही झाला होता. पण तो विजय एकट्या काँग्रेसचा नव्हता. 2019 ला तुमचे वडील सुशीलकुमार शिंदेसाहेब सुमारे 1 लाख 58 हजारांनी हरले, तेव्हा प्रकाश आंबेडकरांना 1 लाख 70 हजार मतं पडली होती. 2024 ला त्यांच्या वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने माघार घेतली. संविधानाची काळजी होती, मराठा आरक्षणावरून राग होता, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली त्याचं दुःख शेतकऱ्यांच्या मनात होतं. इतक्या वेगवेगळ्या लोकांची नाराजी एका बटणावर आली. ती माणसं काँग्रेसची झाली, असं धरून चालणं बरोबर नव्हतं.

मधल्या सहा महिन्यांत काय झालं, ते आमच्या घरातलंच सांगते. माझी वहिनी विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला भिजवलेली पानं आणि कातर. ऑगस्टमध्ये तिच्या फोनवर तीन हजार जमा झाल्याचा मेसेज आला. हातातली विडी तशीच ठेवून तिने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. नोव्हेंबरपर्यंत लाडक्या बहिणीचे साडेसात हजार तिच्या खात्यात आले होते. तुमच्या आघाडीने महिन्याला तीन हजारांचा शब्द दिला, पण त्याआधी महिनोन्‌महिने विरोधकांच्या भाषणांत ती ऐकत होती की ही योजना निवडणुकीपुरती आहे. म्हणजे तिला मिळालेलं खोटं आणि तुम्ही देणार ते खरं, असं तिने कसं मानायचं? तिला पैशापेक्षा ती भाषणं जास्त लागली. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात आलेली रक्कम होती ती. त्यावर कुणी हसलेलं बायकांना सहन होत नाही, ताई.

आणि सगळे कमळाकडे गेले असंही नाही. सोलापूर शहर मध्य मतदारसंघ 2009 पासून विधानसभेला तीनदा तुमच्या पाठीशी उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये तिथे भाजपचे देवेंद्र कोठे जिंकले, एमआयएमचा पतंग दुसऱ्या क्रमांकावर आला आणि पंजा तिसऱ्यावर गेला. म्हणजे मतं दोन्ही बाजूंना गेली. पतंगाकडे गेलेल्याला वाटलं, हे आपल्यासाठी मोकळेपणाने बोलत नाहीत. कमळाकडे गेलेल्याला नेमकं उलटं वाटलं. एकाला खूश करायला गेलात तर दुसरा आणखी लांब जाईल. पाणी, विडी कामगारांची मजुरी, यंत्रमागावरचं काम हे दोघांच्याही घरातले प्रश्न आहेत. माझ्या मते तुमची वाट तिथूनच जाते. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, ते काही मत बघून येत नाही.

त्यात आघाडीची बिघाडी. शहर मध्यमध्ये माकपचे आडम मास्तर वेगळे लढले. सोलापूर दक्षिणमध्ये आघाडीचे उमेदवार ठाकरेंच्या शिवसेनेचे अमर पाटील, आणि ऐन मतदानाच्या दिवशी तुम्ही व शिंदेसाहेबांनी अपक्ष धर्मराज काडादींना पाठिंबा जाहीर केलात. तुमची कारणं असतील. पण सकाळपासून बूथवर चिठ्ठ्या देत बसलेल्या पोराने दुपारी कुणाचं नाव सांगायचं?

मतदानाच्या मशीनबद्दल थोडंसंच. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांना शंका आली, मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघावंसं वाटलं. शंका विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण आमच्या गल्लीत कोण कुणीकडे गेलं हे मी नावानिशी ओळखते. शिवाय जिल्ह्यातल्या 11 जागांपैकी करमाळा, माढा, माळशिरस, मोहोळ शरद पवारांच्या पक्षाला, बार्शी ठाकरेंना, सांगोला शेकापला मिळाला. सहा जागा भाजपच्या विरोधातल्या, आणि त्यात पंजाची एकही नाही. जिल्ह्याने विरोधी पक्ष नाकारलेला नाही.

म्हणूनच काँग्रेस इथे संपली असं मला वाटत नाही. मे 2014 मध्ये देशाचे गृहमंत्री असलेले शिंदेसाहेब इथे जवळपास दीड लाखांनी हरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तीच लाट असताना, शहर मध्यने तुम्हाला आमदार केलं. म्हणजे मतदार तेव्हाही फिरला होता, फक्त तुमच्या बाजूने. तेव्हा कुणी त्याला विकला गेला म्हटलं नाही. वडिलांना पाडून लेकीला निवडणारा मतदार माणूस बघून मत देतो, चिन्ह नंतर बघतो.

तेव्हा शहर मध्य आणि दक्षिणमध्ये पुढे कोण लढणार, हे आत्ताच ठरवा आणि त्या माणसाला पाच वर्षं इथे बसू द्या: रेशनकार्डाला, दवाखान्याला, पीएफच्या कागदाला. मित्रपक्षांशी जागांचं बोलणं अर्ज भरायच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि नोव्हेंबरमध्ये गेलेल्या मतदारांना एकदा भेटा. सभा नको, हार नकोत, माजी पदाधिकाऱ्यांचा ताफा नको. विड्या देऊन बायका दुपारनंतर घरी असतात, तेव्हा या. वहिनीच्या शेजारी बसा आणि तिला विचारा, पंजा का सोडलास. ती स्पष्ट बोलते. मध्ये कुणी तिला समजावू नये, एवढं मात्र बघा.

आपली,
पूर्व भागातील एक मतदार,
सोलापूर