स्प्रिंग कापू नये, मोजून घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींच्या डागडुजीवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र पुढच्या स्प्रिंगा बदलणे हे ‘सुटीच्या दिवशी घरच्या घरी उरकण्याजोगे’ काम असल्याचे त्यात एका ओळीत सांगितले आहे, ती ओळ खटकली. माझ्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली १९७३ सालची फियाट आहे आणि तिचे पुढचे सस्पेन्शन यंदा मी घरीच पूर्ण खोलून पुन्हा बांधले. काम घरी होते, हे खरे. पण त्या एका ओळीत जे सुटले आहे, त्यानेच हात मोडतात. (ॲम्बेसिडरवाल्यांना ही चिंता नाही, कारण तिच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा पोलादी दांडा असतो.)

४०० किलो भाराखाली १५० मिलिमीटर दबलेली स्प्रिंग अचानक सुटली, तर १० किलोचा धोंडा ३ मीटरवरून पडावा एवढी शक्ती तिच्यातून बाहेर पडते. म्हणून गाडी भक्कम घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी आधारांवर) चढवून, शॉक ॲब्सॉर्बर काढून, स्प्रिंगला तिला दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावावा आणि वेढ्यांमधून ओवलेली साखळी बॉडीला बांधून ठेवावी. नुसता जॅक खालच्या आर्मला, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याला लावून तो हळूहळू उतरवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पण नवी स्प्रिंग चढवताना तिला दाबून धरते ते गाडीचे वजन. इंजिन उतरवलेले असेल तर पुढचा भाग इतका हलका होतो की स्प्रिंग दबण्याऐवजी गाडीच घोड्यांवरून उचलली जाते. माझे इंजिन तेव्हा बाहेर होते. जॅकचा दांडा तिसऱ्यांदा दाबला आणि उजव्या घोडीखालून सूर्यप्रकाशाची बारीक फट दिसली. तिथेच थांबलो आणि कॉम्प्रेसर भाड्याने आणला.

आता स्प्रिंग निवडण्याविषयी. दोन वर्षांपूर्वी चालकाच्या बाजूची स्प्रिंग बसली, तेव्हा एका गॅरेजने उपाय म्हणून दुसऱ्या बाजूची स्प्रिंग गॅसने तापवून खाली आणली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, एवढे मात्र कबूल केले पाहिजे. तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते. चार महिन्यांत प्रत्येक गतिरोधकावर ती बाजू रबरी स्टॉपवर आदळू लागली. वेढा कापून देणारेही कमी नाहीत. कापल्याने स्प्रिंग मऊ होते, हा समज चुकीचा आहे. ८ कार्यरत वेढ्यांपैकी १ कापला, तर उरलेली स्प्रिंग जवळजवळ १४ टक्के अधिक ताठ होते, शिवाय बैठकीत नेमके बसणारे टोकच जाते. नवी जोडी घेताना केवळ मोकळी लांबी जुळवूनही भागत नाही. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. साडेबारा मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटर तार असली, तर बाकी मापे तीच असूनही स्प्रिंग सुमारे १७ टक्के ताठ निघते. अर्धा मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही, व्हर्नियरला दिसतो. दुकानदाराने तोंड वाकडे केले तरी काउंटरवरच दोन्ही स्प्रिंगांची तार, वेढे आणि बाहेरचा व्यास मोजून घ्यावा, आणि त्या नेहमी जोडीनेच बदलाव्यात.

सर्वांत जास्त चुका होतात त्या शेवटच्या नटांपाशी. गाडी घोड्यांवर असताना आर्म खाली लोंबत असतात, आणि हात पोहोचतो म्हणून मेकॅनिक त्याच स्थितीत आर्मच्या बुशांचे (सांध्यांतील रबरी अस्तरांचे) नट पूर्ण आवळून टाकतो. मग गाडी जमिनीवर आली की बुशचे रबर कायमचे पिळलेले राहते; समोरून गाडी उगाच उंच दिसते आणि नवे बुश वर्षभरात फाटतात. दोष मात्र स्प्रिंगवर येतो. नट आधी सैल ठेवावेत, इंजिनसह गाडी चाकांवर उतरवावी, बॉनेटवर दोन-चार वेळा भार देऊन ती आपल्या उंचीवर बसू द्यावी आणि मगच गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून ते आवळावेत. चाकांखाली सारख्या जाडीचे लाकडी ठोकळे सरकवले, तर खड्ड्यावाचूनही पाना पोहोचतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पूर्ण संध्याकाळ घालवली आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही.

पुढे अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा नव्याने लावावी लागते, हे सांगायला नकोच.

पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी मिळू लागली आहे आणि त्या निमित्ताने अनेक जण अंगणातली झाकलेली फियाट पुन्हा उघडत आहेत. लेखमालेच्या पुढील भागात निदान साखळी, कॉम्प्रेसर आणि इंजिनाच्या वजनाचा तपशील ठळक चौकटीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)