भाडेकरूंचे कागद तपासता, मग भाड्याचे फ्लॅट कोण तपासणार?

मा. अध्यक्ष,

काका, नमस्कार.

परवा आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डवरचा कागद वाचला. भाड्याने दिलेल्या फ्लॅटची अ‍ॅग्रीमेंट, आधार, फोटो आणि 'पोलीस एनओसी' आठ दिवसांत ऑफिसात जमा करा, नाहीतर भाडेकरूला गेटवर अडवणार, आणि खाली लाल पेनाने 'यापुढे बॅचलर ठेवू नयेत'. कागद हवेतच, माझा त्याला अजिबात विरोध नाही. पण अख्ख्या नोटिशीत भाडेकरूची सगळी कुंडली मागितलीय आणि ज्या फ्लॅटात तो राहणार त्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तुम्हाला माहितीय, मी २०३ मध्ये १४ वर्षं राहतेय आणि माझ्या डोक्यावर ३०३. मालक डोंबिवलीला. शिमग्याला आणि गणपतीला येतात, पण उतरतात गावच्या घरी, फ्लॅटकडे फिरकतसुद्धा नाहीत. आत नर्सिंगच्या तीन मुली राहतात. गेल्या जुलैपासून माझ्या बाथरूमच्या स्लॅबमधून पाणी गळतंय. आधी मला वाटलं पावसाचं असेल, रत्नागिरीचा पाऊस, झड आडवी येते, भिंती ओल्या होणारच, पण नवरात्र झालं, दिवाळी झाली, बाहेर कडक ऊन पडलं तरी गळणं चालूच, तेव्हा डोक्यात उजेड पडला की हे वरून येतंय. तेव्हापासून खाली बादली आहे. रात्री टपटप ऐकून झोप येत नाही म्हणून बादलीत जुनं पायपुसणं टाकते, म्हणजे आवाज दबतो.

शेवटी मीच वर गेले. बाथरूमच्या दाराशी एकच निळी रबरी स्लीपर ठेवलेली, मला वाटलं फरशी निसरडी असेल म्हणून. तर त्यातली धाकटी म्हणाली, "नाय काकू, ती गिझरचं बटण दाबताना घालायची, नायतर हाताला मुंग्या येतात." मुंग्या! मी बटण बघितलं तर बोर्डाची एक बाजू तपकिरी पडलेली, प्लगचं प्लास्टिक वितळून एक पिन वाकडी झालेली आणि वर काळी टेप. मेन बोर्डात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, नाहीच, जुन्या फ्यूजवर चाललंय सगळं. वर मान केली तर स्लॅबचा पोपडा सुटून सळी उघडी पडलेली, गंजून फुगलेली. खाऱ्या हवेत एकदा सळीला गंज चढला की ती फुगते आणि काँक्रीट ढकलून पाडते, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको, मांडवीपासून मिऱ्यापर्यंत कुठल्याही जुन्या बिल्डिंगची गॅलरी बघा.

मालकाला सांगितलं का विचारलं. सांगितलं म्हणे दोनदा, त्यांचं उत्तर असं की जमत नसेल तर दुसरी खोली बघा. परीक्षा तोंडावर, डिपॉझिट अडकलेलं, मुली गप्प बसल्या. ७००० भाडं मात्र दर महिन्याला ५ तारखेच्या आत जातं.

आता कायद्याचं थोडं बोलते, कारण आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यापासून हाच उद्योग लावून घेतलाय आणि घरात सगळी कलमं पाठ झालीयत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्यातलं कलम ५५. करार लेखी हवा, रजिस्टर हवा आणि ती जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नाही केला तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. '११ महिन्यांचा आहे, रजिस्टर कशाला, नोटरी चालते' असं आपल्या अर्ध्या मेंबरांना वाटतं, ते महाराष्ट्रात चालत नाही. खर्च तरी किती? स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, ती एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यावर. ७००० भाडं, २०००० डिपॉझिट, ११ महिने, म्हणजे स्टॅम्प ड्युटी जेमतेम २०० रुपये, आणि शहर हद्दीत नोंदणी फी १०००. हँडलिंगचे आणि एजंटचे वेगळे. तरी एका महिन्याच्या भाड्याच्या निम्मेसुद्धा होत नाहीत.

आणि ती पोलीस एनओसी. काका, पोलिसांकडून एनओसी आणायची नसते, त्यांना भाडेकरूची माहिती द्यायची असते, पोलिसांच्या वेबसाईटवरूनसुद्धा देता येते, आणि दिल्याची कॉपी सोसायटीला द्यायची. मॉडेल बायलॉजमध्येही, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांतही, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवायचं आणि सोबत रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट आणि पोलिसांना कळवल्याची कॉपी जोडायची, एवढंच आहे. हे सगळं मालकाने करायचं, मग गेटवर अडवणार त्या पोरींना? सकाळी सातच्या ड्युटीला निघालेल्या? बॅचलरवाली ओळ तर कुठल्या बायलॉजमध्ये बसते ते मला दाखवाच. त्या तिघी जिन्यातून जाताना चपलांचा आवाजसुद्धा करत नाहीत, आणि १०१ मध्ये फॅमिली आहे तिथे काय चालतं ते तुम्ही खालीच राहता, मी कशाला सांगू.

माझा भाचा सिएटलला असतो, अमेरिकेत. मागे फोनवर विषय निघाला तर म्हणाला, मावशी, इथे घर भाड्याने द्यायचं तर आधी सिटीकडे त्या घराची नोंदणी करायची, आणि नोंदणी केलेल्या घराचं निदान पाच ते दहा वर्षांत एकदा इन्स्पेक्शन होतं. सिटीचा इन्स्पेक्टर नाहीतर पात्र खाजगी माणूस, कोणाकडून करायचं ते मालक ठरवतो. येऊन काय बघतात, तर धुराचा अलार्म आहे का, खोली गरम होते का, जिन्याला कठडा धड आहे का, बेडरूमच्या खिडकीतून आग लागली तर बाहेर पडता येईल का. मी म्हटलं आमच्याकडे कठडा राहू दे, नुसता प्लग बघायला कोणी आलं तरी नारळ फोडेन.

पण खरी गंमत अशी की आपल्याला सिएटलला जायची गरजच नाही. बायलॉज काढून बघा, ह्यांनी मला पेन्सिलने खूण करून दाखवलंय. सेक्रेटरी आणि कमिटीचा एक मेंबर, आधी कळवून, कुठल्याही फ्लॅटमध्ये जाऊन दुरुस्ती लागणार का ते बघू शकतात. कुठलं काम सोसायटीने करायचं, कुठलं मेंबरने, याचा रिपोर्ट कमिटीला द्यायचा. मेंबरला नोटीस द्यायची, मुदत द्यायची, केलं नाही तर काम सोसायटीने करून घ्यायचं आणि खर्च त्याच्याकडून वसूल. १४ वर्षांत एकदाही आपण हे वापरलेलं नाही. मालकालाही कलम २८ खाली, आधी सूचना देऊन, स्वतःचा भाड्याने दिलेला फ्लॅट बघायचा हक्क आहे, पण बघायला आलं तर खर्च दिसेल ना!

माझं म्हणणं एवढंच की मिरगाच्या आधी, आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं चालू असतात तेव्हा, भाड्याने दिलेल्या सगळ्या फ्लॅटमधून एक फेरी मारू. माझ्या मोजणीने ११ आहेत. गिझर, अर्थिंग, ईएलसीबी, बाथरूमचं ट्रॅप (जाळीखालचा पाणी जायचा भाग), स्लॅब, गॅलरीचं ग्रिल, बास. वायरमन आपला नेहमीचा, तो तयार आहे, मी विचारलंय. आणि यापुढे अ‍ॅग्रीमेंटची कॉपी घेताना तिच्यात दुरुस्तीची एक ओळ आहे का तेही बघा. कलम १४ मध्ये मालकाने घर राहण्यालायक ठेवायचं असतं, १५ दिवसांची नोटीस देऊन नाही केलं तर भाडेकरू स्वतः करून भाड्यातून वळतं करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत. पण ते भाडेकरूसाठी आहे आणि आपल्याकडचे सगळे करार लीव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, नुसती राहायची परवानगी, म्हणून तशी ओळ करारातच टाकून घेतलेली बरी. ३०३ चा हिशोब केला तर वर्षाचे ८४००० भाडं, त्याचे २१०००. त्यात नवा गिझर, ईएलसीबी आणि ट्रॅपचं काम होऊन पैसे उरतील.

एक कडू पण बोलते. ३०३ च्या बिलात नॉन ऑक्युपन्सीचे, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, महिना ५०० लावलेत. २००१ पासूनचा नियम आहे, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आपले सर्व्हिस चार्जेस १२००, म्हणजे १२० होतात. उद्या आपण त्यांना दुरुस्तीची नोटीस काढली तर ते पहिलं हेच बिल आपल्या तोंडावर मारतील, आणि मारलं तर चूक कोणाची? तेव्हा आधी ते दुरुस्त करा. तसंच स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचं. १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी हवं, आपली २२ वर्षांची झाली, एकदाही झालेलं नाही. बाहेरच्या भिंतीतून आणि कॉमन पाइपातून येणारं पाणी सोसायटीच्या खर्चात येतं, बाथरूमचं मेंबरच्या, हे मला मान्य आहे, पण माझ्या स्लॅबमधलं नक्की कुठलं किती ते ऑडिटवाला माणूस आल्याशिवाय ना मी सांगू शकत ना तुम्ही.

३०३ चे मालक या रविवारी येतायत, आंब्याच्या पेट्या न्यायला. मी फोन करून सकाळी दहाला फ्लॅटवर थांबवलंय, ते बरं म्हणालेत. तुम्ही आणि सेक्रेटरी काका दोघंही या, लेखी कळवायचं असतं म्हणून तेवढं पत्र उद्याच त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पोस्टाने पाठवा, मुलींनाही एक प्रत द्या. चहा माझ्याकडे.

आपली,
फ्लॅट २०३

ता. क. सेक्रेटरी काकांना टेस्टर आणायला सांगा, माझ्याकडचा पेटत नाही. आणि ती निळी स्लीपर दारातच असते, बटणाला हात लावायच्या आधी घाला.