दुसरी रेकॉर्ड परत आलीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या अल्बमवर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला आणि मग दोन आठवडे वाचकांची पत्रं. या अल्बमवरून हमरीतुमरीवर येणारी एवढी मराठी माणसं इंदुरात आहेत, हे मला माहीतच नव्हतं. कुणी म्हणतं २०२१ चं नवं मिक्सिंग, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातले आवाज नव्याने जुळवणं, हा मूळ रेकॉर्डचा खून, कुणी म्हणतं जुन्यात नुसता एको, गाणारा विहिरीत पडल्यासारखा. आणि एक गृहस्थ लिहितात की त्यात भारतीय असं काय, तर 'माय स्वीट लॉर्ड' गाण्याच्या कोरसमधलं 'हरे कृष्ण', बस्स! पत्र लिहायला बसले ते या शेवटच्या वाक्यामुळे.

१९७३ मध्ये मी नववीत होते. आम्ही रामबागेत राहायचो. दादाच्या मित्राने विलायतेहून आणलेला तो खोका दादाने त्याच्याकडून मिनतवारीने मिळवला. तीन रेकॉर्डी, करडं झाकण, त्यावर बागेत स्टुलावर बसलेला दाढीवाला आणि भोवती चार बुटके पुतळे. आजीने चष्मा लावून विचारलं, "हा साधू की माळी?" आमच्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर सुई घसरायची म्हणून दादा तिच्या डोक्यावर दहा पैशांचं नाणं चिकटवायचा.

बाबांचं संगीत म्हणजे आपल्या इंदूरचे अमीर खाँसाहेब. त्यांच्यापुढे बाकी सगळा गोंगाट. 'माय स्वीट लॉर्ड' लागलं की ते आतल्या खोलीत जाऊन बसत. एके दिवशी मात्र पेपर हातात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "गिटारीवर ही मींड कुणी शिकवली याला?" दादाने सांगितलं, रविशंकरांनी. हॅरिसन १९६६ मध्ये मुंबईला येऊन त्यांच्याकडे सतार शिकला होता. सतार पुढे त्याने सोडली, पण तारेवर काचेची नळी सरकवत गिटार वाजवायला लागला, तेव्हा सतारीवर घोटलेलं तिथे उतरलं. एका सुरावरून दुसऱ्यावर तो उडी मारत नाही, मधली वाट चालून जातो. गाणं संपता संपता बाबा पुन्हा दचकले. "अरे, हे गुरुर्ब्रह्मा म्हणतायत की काय?" म्हणतातच! 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णू', उच्चार सगळे वेडेवाकडे, पण अख्खा श्लोक आहे. आम्ही शाळेत रोज प्रार्थनेला म्हणायचो, म्हणून लगेच ओळखला. त्या गृहस्थांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं दिसत नाही.

आता एकोबद्दल. माझी गोष्ट जरा विचित्र आहे. गल्लीतल्या एकाने स्नेहसंमेलनासाठी दोन दिवसांकरता म्हणून दुसरी रेकॉर्ड नेली आणि ती परत आलीच नाही. अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून आहे ते गाणंच त्या तबकडीवर! तिसरी, निव्वळ वाजवावाजवीची, जी एका पत्रलेखकाला भरताड वाटते, ती मात्र आमच्याकडे आजही कोरी करकरीत आहे. (भरताड आहेच. दोनदा ऐकली असेल.) म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं माझ्याकडे हा अल्बम शीर्षकगीताशिवाय होता. ते मला फक्त दादाच्या गुणगुणण्यातून माहीत, आणि दादाच्या सुराबद्दल न बोललेलं बरं.

२०२१ मध्ये मुलाने कानाला हेडफोन लावून दिले. हॅरिसनच्या मुलाच्या देखरेखीखाली झालेलं ते नवं मिक्सिंग. पहिल्या रेकॉर्डवरची गाणी लागली आणि माझा जीव कासावीस झाला. 'वा-वा'मध्ये अल्बमचा निर्माता फिल स्पेक्टर याने गिटारी, ड्रम, भोंगे एकावर एक रचून जी भिंत उभी केली होती, तिच्यातल्या विटा मोजता येत होत्या. 'इझंट इट अ पिटी' सात मिनिटांचं. त्या धुक्यातच मी ते मोठं झालेलं ऐकलं होतं. आता आवाज अगदी कानाशी. मला वाटलं, कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरले.

मग न ऐकलेली गाणी आली. आधी 'बिवेअर ऑफ डार्कनेस' आणि त्याच बाजूच्या शेवटी ते शीर्षकगीत. श्वास घेतलेला ऐकू येतो, शब्द कुठे जड झाला ते कळतं. 'इझंट इट अ पिटी'चा दुसरा, आणखी संथ अवतारही आहे, हे मला बासष्टाव्या वर्षी समजलं! याच गाण्यांची जुनी आवृत्ती मुलाने मुद्दाम लावून दाखवली, तर मीच म्हणाले, "बंद कर, गढूळ वाटतंय." पहिल्या निम्म्यात मी जुन्याच्या बाजूची, दुसऱ्यात नव्याच्या. आता कुठल्या पत्रलेखकाच्या पंगतीत बसू, सांगा. आणि खुनाचंच म्हणाल, तर २००१ च्या आवृत्तीसोबतच्या टिपणात हॅरिसनने स्वतःच लिहिलं होतं की काही गाणी त्या काळच्या अवाढव्य थाटातून सोडवावीशी वाटतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला.

शीर्षकगीत ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. दादा मधल्या ओळीत जिथे सूर वर न्यायचा, तिथे हॅरिसन नेत नाही. मी अजून दादासारखंच गुणगुणते. दादा आता नाही.

रामबागेतल्या कुणाच्या माळ्यावर ती रेकॉर्ड सापडलीच, तर लेबलावर निळ्या शाईत दादाची आद्याक्षरं आहेत. ओरखडे असले तरी चालतील. तिचं पाकीट माझ्याकडे आहे.

आपली,
एक जुनी वाचक
राजेंद्रनगर, इंदूर