सूचना : सोमवारपासून पाढ्यांचा तास

मराठी शाळांत शिकवणाऱ्या सर्व सभासदांसाठी (बेळगाव, खानापूर, निपाणी).

पाठांतर बंद करायचे नाही, फक्त १० मिनिटांवर आणायचे. चालीत म्हटलेला पाढा पोरांना आवडतो. पण ‘सात आठे?’ विचारले की ती ‘सात एके’पासून सुरू करतात, कारण लक्षात चाल राहते, गुणाकार नाही. म्हणून पुढची २० मिनिटे चिंचोके. चौघांच्या गटाला ६० पुरतात. ७-७ च्या ८ ओळी मांडायच्या, पाचव्या ओळीनंतर काडी ठेवायची : ३५ आणि २१, मिळून ५६. उत्तर आपण आधी सांगितले की खेळ संपला. तोच प्रश्न दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी, क्रम मोडून.

एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना कन्नडमधला ‘ऐवत्तोंबत्तु’ आठवायला सांगा. त्यात पन्नास आणि नऊ सरळ ऐकू येतात. आपल्या भागातल्या मुलांना ही सोय आयती आहे, वापरतो कोण!

चॉकलेटे वाटू नयेत. ती थांबली की हातही खाली येतात. त्याऐवजी ‘काडी बरोबर जागी ठेवलीस’ असे नेमके सांगा.

चिंचोके धुऊन, वाळवून आणावेत. ओले असले तर बुरशी धरते.